विधी शिक्षणासाठी अर्थसाहाय्य : अर्ज, अटी आणि वेळेचा प्रश्न
(बिद्री परिसरातील विद्यार्थ्यांच्या संदर्भात)

प्रस्तावना

१७ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापूर येथे मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे उद्घाटन झाले आणि दुसऱ्या दिवसापासून तेथे प्रत्यक्ष कामकाज सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील पक्षकारांना उच्च न्यायालयासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. या घटनेची चर्चा प्रामुख्याने पक्षकार आणि वकील यांच्या सोयीच्या अंगाने झाली. तिला एक शैक्षणिक बाजूही आहे. कागल, भुदरगड, राधानगरी या तालुक्यांतील कला वा वाणिज्य शाखेच्या पदवीधराला वकिली हा व्यवसाय आता पूर्वीपेक्षा जवळचा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु व्यवसाय जवळ आला म्हणून त्याचे शिक्षण आवाक्यात येते असे नाही.

बिद्री हे कागल तालुक्यातील गाव दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे सर्वपरिचित आहे. या परिसरातील बहुसंख्य कुटुंबांचे अर्थकारण ऊस आणि दूध या दोन गोष्टींवर उभे आहे. दुधाचे बिल दहा दिवसांनी येते आणि घरखर्चात विरून जाते. उसाचे बिल हंगामात येते. ते विकास सेवा संस्थेच्या पीककर्जातून वळते होऊन हाती उरेल तेवढे उरते. विधी अभ्यासक्रमाची प्रवेश प्रक्रिया मात्र पावसाळ्यात, म्हणजे गाळप हंगाम संपल्यानंतर आणि पुढचा सुरू होण्यापूर्वी, चालते. थोडक्यात, एकरकमी शुल्क भरण्याची वेळ आणि घरात रोख रक्कम नसण्याची वेळ एकच असते. त्यामुळे शासकीय अर्थसाहाय्याचे महत्त्व येथे केवळ रकमेपुरते नसून ते केव्हा मिळते यावरही अवलंबून आहे. अर्थसाहाय्याचा अर्ज हा प्रवेशानंतर भरावयाचा एक कागद आहे, ही समजूत सर्वत्र आढळते. प्रत्यक्षात त्या अर्जाचे भवितव्य प्रवेशापूर्वी घेतलेल्या निर्णयांनी बव्हंशी ठरून गेलेले असते, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

एक ऐतिहासिक दाखला

विधी शिक्षण आणि अर्थसाहाय्य यांचा विचार करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे उदाहरण महाराष्ट्रात सर्वांना आठवते. त्याची मांडणी बहुधा जिद्दीची गाथा म्हणून केली जाते. आर्थिक तपशिलांच्या अंगाने पाहिल्यास तेच उदाहरण अधिक बोधक ठरते.

१९१३ मध्ये सयाजीराव गायकवाड यांच्या बडोदे संस्थानाने त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, असा करार त्यामागे होता. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील अध्ययन आटोपून ते १९१६ मध्ये लंडनला गेले. तेथे त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी आणि ग्रेज इन या संस्थेत बॅरिस्टरीसाठी नाव नोंदविले. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि दोन्ही अभ्यासक्रम अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. अध्ययनात ते कोठेही कमी पडले नव्हते. साहाय्याची मुदत आणि अभ्यासक्रमाची मुदत जुळली नाही, एवढेच कारण होते. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पूर्ण करण्याची परवानगी त्यांनी लंडन सोडण्यापूर्वी मिळवून ठेवली होती. ही परवानगी नसती, तर पुढे पैसे उभे राहूनही उपयोग झाला नसता.

यानंतर त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून बचत केली. मार्च १९२० मध्ये माणगाव येथे भरलेल्या परिषदेत कागलकर घाटगे घराण्यात जन्मलेले राजर्षी शाहू महाराज आणि डॉ. आंबेडकर एका व्यासपीठावर आले. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये डॉ. आंबेडकर पुन्हा लंडनला गेले. स्वतःची बचत, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज अशा तीन स्रोतांतून त्यांनी हा खर्च भागविला. १९२२ च्या जूनमध्ये ते बॅरिस्टर झाले. त्यापूर्वीच, मे महिन्यात, शाहू महाराजांचे निधन झाले होते. १९२३ मध्ये स्वदेशी परतल्यावर वकिलीची सनद घेण्यासाठी लागणारे पैसेही त्यांच्यापाशी नव्हते. ती अडचण भथेना यांच्याच मदतीने दूर झाली.

शिष्यवृत्ती, बचत, व्यक्तिगत साहाय्य आणि कर्ज यांची अशी सांगड आजच्या विद्यार्थ्यालाही घालावीच लागते. एका योजनेतून संपूर्ण विधी शिक्षण पार पडणे ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी दुर्मीळ होती आणि आजही ती फारशी सुलभ झालेली नाही.

प्रवेशाचा मार्ग हीच पहिली अट

महाराष्ट्रात २०१६ पासून तीन वर्षांच्या आणि पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमांचे प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत, प्रवेश परीक्षा आणि केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया या मार्गाने होतात. बी. ए. च्या विद्यार्थ्याला हा मार्ग अपरिचित असतो. पदवीचा प्रवेश त्याने गावाजवळच्या महाविद्यालयाच्या कार्यालयात थेट घेतलेला असतो. शिष्यवृत्तीचा अर्ज लिपिकाने सांगितल्यावर भरलेला असतो. प्रवेश कोणत्याही मार्गाने मिळाला तरी तो प्रवेशच, अशी त्याची साधी धारणा असते. विधी शिक्षणात ही धारणा महागात पडते.

राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेचे उदाहरण पाहू. वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंबांतील विद्यार्थ्यांना या योजनेतून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांत पन्नास टक्के सवलत मिळते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील, याच उत्पन्नमर्यादेतील मुलींसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमांची ही सवलत शंभर टक्के करण्यात आली. मात्र हे लाभ केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्यांसाठी आहेत. व्यवस्थापन कोट्यातील आणि संस्था स्तरावरील प्रवेश त्यांतून वगळलेले आहेत.

समजा, बिद्री परिसरातील एका अल्पभूधारक शेतकऱ्याच्या मुलीने प्रवेश परीक्षा दिली, पण पसंतीक्रम भरताना एकाच महाविद्यालयाचे नाव लिहिले. पहिल्या फेरीत जागा न मिळाल्याने ती निराश झाली आणि पुढच्या फेऱ्यांची वाट न पाहता तिने संस्था स्तरावर प्रवेश घेतला. ती मुलगी आहे, उत्पन्न मर्यादेत आहे, प्रवर्गाचा दाखलाही तिच्याजवळ आहे. तरीही शुल्काची पूर्ण सवलत तिच्या हातून गेली, आणि ती पसंतीक्रमाच्या अर्जावरच गेली. शिष्यवृत्तीच्या अर्जापर्यंत गोष्ट पोचलीच नाही. वर्गात गुणवत्तेवर भर देणाऱ्या शिक्षकाने पसंतीक्रम कसा भरावा यावर अर्धा तास दिला, तर तो अर्धा तास रुपयांत मोजता येईल.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख रुपयांची असून तीत शुल्काबरोबर निर्वाह भत्ताही मिळतो. यापेक्षा अधिक उत्पन्न असल्यास राज्याच्या योजनेतून केवळ शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क मिळू शकते. इतर मागास वर्ग, विमुक्त जाती व भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग आणि अनुसूचित जमाती यांच्यासाठी संबंधित विभागांच्या स्वतंत्र योजना आहेत. या सर्वांच्या उत्पन्नमर्यादा आणि शर्ती निरनिराळ्या असून त्या बदलत असतात. म्हणून त्या वर्षीचा शासन निर्णय पाहणे हाच सुरक्षित मार्ग होय. मागील वर्षीच्या विद्यार्थ्याचा अनुभव हा पुरावा मानता येत नाही.

दाखले, बँक खाते आणि महाविद्यालयाचा टप्पा

बहुतेक राज्य योजनांचे अर्ज २०१७ पासून 'महाडीबीटी' या एकाच संकेतस्थळावर भरले जातात. अर्ज भरणे तांत्रिकदृष्ट्या कठीण नाही. त्यासाठी लागणारी कागदपत्रे वेळेत हाती असणे कठीण आहे. उत्पन्नाचा दाखला तलाठ्याच्या अहवालावरून तहसील कार्यालयाकडून मिळतो. शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त आहे, म्हणून ते कौटुंबिक उत्पन्नात मोजले जात नाही, असा गैरसमज सुशिक्षित पालकांतही आढळतो. शिष्यवृत्तीसाठी ते मोजले जाते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र आर्थिक वर्षापुरते असते, तर नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्रावर त्याची मुदत लिहिलेली असते. जूनमध्ये परीक्षेचा निकाल लागल्यावर तहसील कार्यालयात आणि सेतू केंद्रात जी गर्दी होते, तीत हे दाखले काढण्यापेक्षा एप्रिलमध्येच त्यांची सुरुवात करणे श्रेयस्कर ठरते.

जात वैधता प्रमाणपत्राचा प्रश्न अधिक गंभीर आहे. राखीव जागेवरील व्यावसायिक प्रवेशासाठी ते लागते आणि जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडून ते मिळण्यास वेळ लागतो. विज्ञान शाखेचे विद्यार्थी अभियांत्रिकी वा वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीत हे प्रमाणपत्र अकरावी-बारावीतच मिळवितात. कला शाखेच्या विद्यार्थ्याला ते कोणी मागितलेलेच नसते. पदवीच्या तिसऱ्या वर्षी विधी शिक्षणाचा विचार मनात आल्यावर त्याला या कागदाचे अस्तित्व प्रथम कळते. ज्या महाविद्यालयांत केवळ कला व वाणिज्य शाखा आहेत, तेथील प्राध्यापकांनी ही बाब पदवीच्या पहिल्या वर्षीच विद्यार्थ्यांच्या कानावर घालणे आवश्यक आहे.

बँक खात्याची अडचण वरवर किरकोळ वाटते. साहाय्याची रक्कम आधार क्रमांकावर आधारित पद्धतीने जमा होते. आधार कार्डाची प्रत बँकेत देणे आणि थेट लाभासाठी तो क्रमांक त्या खात्याशी संलग्न होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थेट लाभासाठी एका वेळी एकच खाते संलग्न राहते. विद्यार्थ्याने मध्यंतरी अन्य बँकेत खाते उघडून तेथे संमती दिली असेल, तर रक्कम त्या नव्या खात्यात जाते आणि तो जुन्या पासबुकाच्या नोंदी पाहत राहतो. ग्रामीण भागात पतसंस्थेतील खात्यालाही बोलीभाषेत बँकेचे खातेच म्हटले जाते. पतसंस्था ही बँक नव्हे, आणि तेथील खात्यात ही रक्कम येऊ शकत नाही.

अर्ज सादर झाल्यावर तो महाविद्यालयाच्या लॉगिनमध्ये येतो. लिपिक आणि प्राचार्य अशा दोन पातळ्यांवर तपासणी होऊन तो शासकीय अधिकाऱ्यांकडे जातो. त्रुटी असल्यास अर्ज विद्यार्थ्याकडे परत पाठविला जातो आणि विहित मुदतीत दुरुस्त न केल्यास तो तेथेच संपतो. संदेश ज्या भ्रमणध्वनीवर येतो तो पुष्कळदा वडिलांचा वा सेतू केंद्रातील चालकाचाच असतो. असे अर्ज अपात्रतेमुळे नाकारले गेले असे म्हणता येत नाही, कारण त्यांची तपासणी पूर्णच झालेली नसते. दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज नव्याने करावा लागतो, हेही अनेकांच्या ध्यानात राहत नाही.

रक्कम उशिरा येते, ही या व्यवस्थेची मूळ उणीव म्हणावी लागेल. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या डिसेंबर २०२० मधील सुधारित रचनेनुसार केंद्राचा वाटा साठ टक्के आणि राज्याचा चाळीस टक्के असून केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतो. त्यातील शुल्काचा भाग विद्यार्थ्याने महाविद्यालयात भरावयाचा असतो. घरात आजारपण वा पेरणीची निकड असताना खात्यात आलेले पैसे खर्च होतात आणि मग महाविद्यालय व विद्यार्थी यांच्यात वाद निर्माण होतो. पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी सवलतीच्या भागाचे शुल्क घेऊ नये, अशा सूचना शासनाने दिलेल्या आहेत. त्यांचे पालन झाले, तरच शुल्कसवलत ही खऱ्या अर्थाने सवलत ठरते. आधी भरा आणि नंतर परत मिळवा, ही पद्धत ज्यांच्यापाशी आधी भरण्यास पैसे असतात त्यांच्याच सोयीची असते.

निर्वाहाचा खर्च

शुल्काची व्यवस्था झाली तरी राहणे, खाणे आणि प्रवास यांचा खर्च उरतोच. कोल्हापुरात शहाजी विधी महाविद्यालय १९३३ पासून आहे. त्यामुळे बिद्रीच्या विद्यार्थ्याला विधी शिक्षणासाठी जिल्हा सोडावा लागतोच असे नाही. पण एस. टी. ने रोज जाऊन-येऊन शिकणे आणि शहरात राहून ग्रंथालय व न्यायालय यांचा लाभ घेत शिकणे यांत मोठे अंतर आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. इतर मागास वर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्ग यांच्यासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजूर यांच्या पाल्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. बिद्री परिसरात शेवटच्या योजनेस पात्र ठरू शकणारी कुटुंबे विपुल आहेत. तिच्यासाठी अल्पभूधारक असल्याचा दाखला वेगळा काढावा लागतो आणि तो काढण्याचे सहसा कोणी सुचवीत नाही.

'कमवा आणि शिका' ही कर्मवीर भाऊराव पाटील यांची परंपरा या भागाला आपली वाटते. विधी शिक्षणात तिला मर्यादा पडतात. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या नियमांत सत्तर टक्के उपस्थितीची अट आहे. सप्टेंबर २०२४ मधील परिपत्रकाने तर अभ्यासक्रमाच्या काळात नोकरी केली होती काय, याचे घोषणापत्रही विद्यार्थ्याकडून मागितले. पूर्ण वेळ नोकरी करून विधी पदवी मिळविण्याचा जुना मार्ग त्यामुळे अरुंद झाला आहे. नियमामागील हेतू योग्यच आहे. पण काम करून शिकण्याची वाट बंद करावयाची, तर निर्वाहाच्या साहाय्याची वाट तेवढीच रुंद करावी लागते, याचा विचार झालेला दिसत नाही.

राष्ट्रीय विधी विद्यापीठे आणि शैक्षणिक कर्ज

बारावीनंतर राष्ट्रीय विधी विद्यापीठात जाऊ इच्छिणाऱ्यांचा मार्ग वेगळा आहे. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे अशी विद्यापीठे आहेत व त्यांचे प्रवेश 'क्लॅट' या देशपातळीवरील परीक्षेतून होतात. तेथील खर्च पारंपरिक विधी महाविद्यालयाच्या कितीतरी पट आहे. प्रा. शमनाद बशीर यांनी २०१० मध्ये सुरू केलेली 'इडिया' ही संस्था वंचित घटकांतील विद्यार्थ्यांना या परीक्षेसाठी प्रशिक्षण आणि प्रवेशानंतर आधार देते. ग्रामीण कनिष्ठ महाविद्यालयांनी तिच्याशी संपर्क ठेवण्यासारखा आहे. परदेशातील उच्च विधी शिक्षणासाठी अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती उपलब्ध आहे, आणि जे. एन. टाटा एन्डाउमेंट १८९२ पासून परदेशी शिक्षणासाठी कर्जरूपाने शिष्यवृत्ती देत आले आहे.

कर्जाविषयी सावधगिरी आवश्यक आहे. साडेसात लाख रुपयांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जासाठी २०१५ पासून पतहमी निधीची सोय आहे, त्यामुळे जमीन तारण ठेवण्याची गरज नसते. साडेचार लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या काळातील व्याजाची केंद्रीय अनुदान योजना आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी योजना मात्र निवडक मानांकित संस्थांपुरती आहे. तेव्हा आपले महाविद्यालय त्या यादीत आहे काय, हे आधी पाहावे.

कर्ज मिळण्यापेक्षा ते फेडण्याचा प्रश्न विधी शिक्षणात अधिक बिकट आहे. अभ्यासक्रम आणि त्यानंतरचे एक वर्ष संपले की हप्ते सुरू होतात. नवोदित वकील त्या काळात ज्येष्ठ वकिलाच्या कार्यालयात उमेदवारी करीत असतो आणि त्याचे उत्पन्न नाममात्र असते. भारतीय विधिज्ञ परिषदेने ऑक्टोबर २०२४ मध्ये कनिष्ठ वकिलांना शहरी भागात दरमहा किमान २०,००० रुपये आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे, असे सुचविले. ही केवळ शिफारस आहे, बंधन नव्हे. अभियंत्याच्या कर्जाचे गणित जसेच्या तसे वकिलाला लावल्यास पहिल्या तीन-चार वर्षांत हप्ता वडिलांच्या ऊसबिलातूनच जाईल. म्हणून सवलती आणि निर्वाह योजना यांचा पूर्ण लाभ घेऊन उरलेल्या रकमेपुरतेच कर्ज घ्यावे, हा क्रम विद्यार्थ्याला आकडे मांडून समजावून द्यावा लागतो.

सनद

पदवी हाती आल्यावर शेवटचा खर्च सनदेचा. अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम २४ मध्ये नोंदणी शुल्क सर्वसाधारण उमेदवारासाठी ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारासाठी १२५ रुपये ठरविलेले आहे. प्रत्यक्षात निरनिराळ्या राज्यांच्या विधिज्ञ परिषदा इतर शीर्षकांखाली कितीतरी अधिक रक्कम आकारीत असत. ३० जुलै २०२४ रोजी गौरव कुमार विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, कायद्यात नमूद असलेल्या रकमेपेक्षा अधिक शुल्क नोंदणीच्या वेळी घेता येणार नाही, असा निर्णय दिला. अशी आकारणी दुर्बल घटकांतील पदवीधरांना व्यवसायाच्या उंबरठ्यावरच अडविते, हेही न्यायालयाने नमूद केले. हा निर्णय पुढील काळासाठी लागू आहे. पूर्वी भरलेली रक्कम त्यामुळे परत मिळत नाही. बिद्री परिसरातून यंदा विधी शाखेच्या प्रथम वर्षात गेलेला विद्यार्थी सनदेसाठी अर्ज करील तेव्हा मात्र त्याला हे दोनच आकडे लक्षात ठेवावयाचे आहेत.